बांधण्याआधी वाळवंट वाचा

अबुधाबीच्या सादियात बेटावर २०१७ साली लूव्र संग्रहालय उघडले, हॉटेले आली, बंगल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. पण तिथल्या किनाऱ्यावर गेलात की एक गोष्ट लगेच जाणवते. इमारती पाण्याच्या काठाला भिडलेल्या नाहीत. वाळूच्या टेकड्यांचा पट्टा तसाच राखला आहे, बांधकाम त्याच्या मागे सुमारे ६० मीटरवर थांबले आहे, आणि समुद्राकडे जायचे तर टेकड्यांवरून बांधलेल्या लाकडी पायवाटेने जावे लागते. हॉक्सबिल कासवांच्या माद्या उन्हाळ्याच्या तोंडाशी याच वाळूत अंडी घालायला येतात. वेळास-आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडलेची पिल्ले समुद्राकडे जाताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना पुढचे सांगायला नको. पिल्लू उजेडाच्या दिशेने धावते, आणि तो उजेड हॉटेलच्या दिव्यांचा असला तर ते समुद्राकडे पाठ करून जाते आणि सकाळपर्यंत मरते. म्हणून त्या हंगामात किनाऱ्यालगतचे दिवेही मंद ठेवावे लागतात.

पहाटे किनारा चालून माद्यांच्या सरपटण्याच्या खुणा मोजणारी माणसे नसती, तर ही रेषा नकाशावर आलीच नसती. कागदावर इमारत मागे सरकवायला फारसा खर्च येत नाही. पाया भरल्यानंतर ती सरकवता येत नाही. पर्यावरणाचा अभ्यास कधी झाला, हा प्रश्न तो किती चांगला झाला या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

संयुक्त अरब अमिरातीत मराठी माणूस मोठ्या संख्येने बांधकामात आहे: साइट इंजिनीअर, नकाशे काढणारे, सल्लागार कंपन्यांत अहवाल तयार करणारे, बागकामाचे ठेकेदार. शाळांत शिकवणारे आहेत, आणि शनिवारी-रविवारी मुलांना घेऊन वाळवंटात तंबू ठोकणारी कुटुंबेही आहेत. भारतात २००६ च्या अधिसूचनेमुळे मोठ्या प्रकल्पाआधी जनसुनावणी असते आणि गावकरी तिथे उभे राहून बोलू शकतात. इथे निर्णय मुख्यत्वे विकासक, सल्लागार आणि परवाना देणारी संस्था यांच्यात होतो. त्यामुळे तुमचा हातभार लागतो तो तुमच्या कामातून आणि तुम्ही जमवलेल्या नोंदींतून. तो कसा लावायचा, ते पुढे सांगतो.

रिकामी जमीन कुठली?

आधी नजर बदलावी लागते. सातबाऱ्यावर ‘पडीक’ लिहिले की माळरान फुकट गेले असे आपल्याकडे कितीतरी वर्षे मानले गेले. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले, तेव्हा गवताळ माळ हाही कोणाचे तरी घर असतो हे सरकारी कागदावर आले. तोवर आजूबाजूचे बरेच माळ नांगरले गेले होते. अमिरातीत तीच चूक खडीच्या मैदानांबाबत होते. डोंगर आणि वाळूच्या टेकड्यांमधली ही सपाट, कडक जमीन बांधायला सगळ्यात सोपी असते, म्हणून वसाहती, गोदामे आणि रस्ते तिथेच येतात. धब नावाचा जाड काटेरी शेपटीचा सरडा याच जमिनीत बीळ खणतो. तो झाडपाला खातो आणि जगाच्या यादीत असुरक्षित जात म्हणून नोंदला आहे. फोर-बाय-फोर गाडीच्या चाकाने मैदानाचा वरचा कडक थर फुटला की ती खूण वर्षानुवर्षे भरून येत नाही.

दुसरी फसवी जागा म्हणजे सब्खा, समुद्राकाठची क्षारपड जमीन. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना क्षारपड म्हटले की हातची गेलेली शेती आठवेल. इथे ती निसर्गानेच घडवलेली आहे. भरतीचे पाणी पोचते तिथे सूक्ष्म जिवांची गालिच्यासारखी काळपट साय पसरलेली असते. अबुधाबीत २०१२ ते २०१४ दरम्यान किनारी परिसंस्थांमधल्या कार्बनचा अभ्यास झाला. त्यात तिवरे आणि समुद्री गवत यांच्यासोबत ही साय आणि सब्खाही मोजली गेली, आणि त्यांतही कार्बनचा साठा आढळला. तोपर्यंत भराव टाकायला यापेक्षा निरुपयोगी जागा कोणती, असेच कोणीही म्हटले असते.

वाद्या म्हणजे डोंगरातले कोरडे ओढे. त्यांच्याविषयी फार लिहायला नको. १६ एप्रिल २०२४ ला अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला. १९४९ पासूनच्या नोंदींतला तो उच्चांक होता. वर्षभर कोरडी असणारी वाट पाण्याची आहे, हे त्या दिवशी सगळ्या देशाने पाहिले.

माळढोकाचा उल्लेख वर आला; हुबारा हा त्याच्याच कुळातला पक्षी. त्याच्यासाठी अबुधाबीने २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय हुबारा संवर्धन निधी उभारला. भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथे जाऊन कृत्रिम रेतनाचे तंत्र शिकून घेतले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या प्रजनन केंद्रात त्या तंत्राने माळढोकाचे पिल्लू जन्माला आले. मला याचा मनापासून आनंद आहे. पण पिल्लू मोठे झाल्यावर त्याला सोडायला विजेच्या तारा नसलेला मोकळा माळ लागतो, आणि तो कुठे राखायचा हे प्रयोगशाळेत ठरत नाही. अरबी ओरिक्सची कथाही याच वाटेने गेली. १९७२ मध्ये जंगलातून नाहीसे झालेले हे हरिण बंदिस्त कळपांतून वाढवून परत सोडण्यात आले, आणि २०११ मध्ये त्याची श्रेणी ‘संकटग्रस्त’वरून ‘असुरक्षित’वर आली. परत सोडताना त्याच्यासाठी जागा बाजूला काढावी लागली. दुबईचे २२५ चौरस किलोमीटरचे वाळवंट राखीव क्षेत्र ही त्यातली एक.

अहवाल हातात आला की

प्रकल्पाचा पर्यावरण आघात मूल्यांकन अहवाल जाडजूड असतो. साइटवरच्या माणसाकडे तो आलाच तर सारांशापुरता येतो. माझे सांगणे असे की, संधी मिळाली तर सर्वेक्षणाच्या तारखा लिहिलेले पान आधी उघडा.

वाळवंटात तारखेला फार मोठा अर्थ असतो. हिवाळी पावसानंतर काही आठवडेच उगवणारी, फुलणारी आणि बी टाकून संपणारी रोपे इथे पुष्कळ आहेत. जुलैत गेलेल्या माणसाला त्यातले एकही दिसणार नाही आणि तो प्रामाणिकपणे ‘वनस्पती विरळ’ असे लिहील. धब थंडीत बिळातून क्वचितच बाहेर येतो, त्यामुळे जानेवारीची एक फेरी त्याच्याबाबतीत काहीच सांगत नाही. हुबारा आणि चिखलात चोच खुपसून खाणारे पाणपक्षी उत्तरेकडून ऑक्टोबरच्या सुमारास येतात आणि वसंतात परततात. हॉक्सबिलची घरटी मार्च-एप्रिलपासून दिसू लागतात. कोल्हा, विंचू, पाल हे सगळे रात्रीचे प्राणी आहेत. म्हणजे एका ठिकाणाला निदान दोन ऋतूंत आणि रात्रीही भेट दिली नसेल, तर ‘आढळले नाही’ या शब्दांवर भिस्त ठेवता येत नाही. ही शंका लेखी विचारा. सल्लागाराला ती आवडेलच असे नाही, पण चांगला सल्लागार तिचे उत्तर देईल, आणि परवाना देणाऱ्या संस्थेने हाच प्रश्न विचारण्याआधी तो घरात विचारला गेलेला बरा.

मग पाहा की ‘पर्याय’ नावाचे प्रकरण खरोखर पर्यायांचे आहे का. रस्ता दोनशे मीटर सरकवला तर काय होईल, पार्किंग बिळांच्या पट्ट्यावरच हवे का, गाळाची वाहिनी समुद्री गवताला वळसा घालून जाऊ शकते का. या प्रश्नांना नकाशासकट उत्तर असले पाहिजे. नुकसान टाळणे पहिले, कमी करणे दुसरे, जागा पुन्हा घडवणे तिसरे आणि दुसरीकडे भरपाई करणे अगदी शेवटचे, असा क्रम जगभर मानला जातो. अहवालांत मात्र घाईने शेवटच्या पायरीवर उडी मारलेली दिसते. धब पकडून दुसरीकडे सोडू, असे एका वाक्यात लिहून मोकळे होतात. ती दुसरी जागा आधीच धबांनी भरलेली असेल तर? तिथे पुढच्या वर्षी कोणी मोजायला जाणार आहे का? सोडून दिलेला प्राणी जगला की नाही, याची जबाबदारी कोणाच्या नावावर आहे, हे विचारायला लाजू नका.

माहिती नव्हती, अशी सबबही आता उरलेली नाही. अबुधाबीच्या पर्यावरण संस्थेने, जी १९९६ मध्ये संशोधनाचीच संस्था म्हणून सुरू झाली, उपग्रहचित्रांवरून त्या संपूर्ण अमिरातीच्या अधिवासांचा आणि जमीनवापराचा तपशीलवार नकाशा २०१५ मध्ये पूर्ण केला. शारजात १९९८ पासून स्वतंत्र पर्यावरण प्राधिकरण आहे. कायदे आणि परवाने प्रत्येक अमिरातीत थोडे वेगळे असल्याने अबुधाबीतला अनुभव दुबईत किंवा फुजैरात जसाच्या तसा लावू नका.

मातीचाही असाच अभ्यास आहे. दुबईतल्या आंतरराष्ट्रीय जैवक्षार शेती केंद्राच्या मदतीने २००६ ते २००९ या काळात अबुधाबीच्या जमिनीचे सर्वेक्षण झाले. सिंचनाची शेती कुठे झेपेल आणि कुठे नाही, हे त्यावरून ठरवता येते. त्याच कामात अ‍ॅनहायड्राइट खनिजाने भरलेली माती सापडली आणि मातीच्या वर्गीकरणात तिच्यासाठी नवी जागा करावी लागली. त्या केंद्रात २०१६ पासून मातीचे संग्रहालय आहे. आधी वेळ ठरवून मुलांना जरूर न्या. वाळू सगळीकडे सारखीच, हा समज तिथे दोन तासांत जातो.

अल वथबाचे पाणी

एकदा जागा राखली की काम संपते, असे वाटणाऱ्यांनी अल वथबाचा इतिहास पाहावा. अबुधाबी शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर, मफ्रकच्या प्रकल्पात शुद्ध केलेले सांडपाणी खोलगट सब्खात साचत गेले आणि तळे झाले. ते कोणी पक्ष्यांसाठी बांधले नव्हते. १९९८ मध्ये तिथे मोठ्या रोहित पक्ष्यांनी, म्हणजे आपल्या फ्लेमिंगोंनी, घरटी करून पिल्ले वाढवली. अरबी द्वीपकल्पात कित्येक दशकांनी हे घडले होते. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष शेख झायेद यांनी त्याच वर्षी ती जागा संरक्षित केली. आज ५ चौरस किलोमीटरच्या त्या परिसरात पक्ष्यांच्या २५० हून जास्त जाती नोंदल्या आहेत. २०१३ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाले आणि २०१८ मध्ये निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या हरित यादीत आले.

मधली वर्षे मात्र सोपी नव्हती. १९९८ नंतर बराच काळ पिल्ले झाली नाहीत, ती नियमितपणे दिसू लागली २०११ पासून. रोहित पक्षी तिथे आर्टेमिया नावाचा मिठागरात वाढणारा बारीक जीव खातात. पाण्यातला खारटपणा कमी झाला की आर्टेमिया घटतो. पाणी खाली गेले की घरट्यांचे बेट जमिनीला जोडले जाते आणि कोल्हे पोचतात. फार वर आले की घरटी बुडतात. म्हणजे पाण्याची पातळी आणि क्षार वर्षभर मोजत राहणे, पक्षी मोजणे, आणि त्या आकड्यांनुसार पाणी सोडणे हेच तिथले संवर्धन. पाणी कुठून येते ते बदलणारा एखादा निर्णय, मग तो कितीही दूरच्या सांडपाणी वाहिनीचा असो, त्या बेटावर उमटतो.

तिथल्या काही रोहितांना उपग्रह-यंत्रे बसवली, तेव्हा ते पक्षी इराण आणि कझाकस्तानपर्यंत जाताना दिसले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२ मध्ये ठाणे खाडीतल्या सहा फ्लेमिंगोंना अशीच यंत्रे लावली आणि गुजरातेपर्यंतची त्यांची वाट कळली. मे २०२४ मध्ये दुबईहून मुंबईला उतरणाऱ्या विमानाची थव्याला धडक बसली आणि घाटकोपरमध्ये ३९ फ्लेमिंगो मरून पडले. कारणांवर वाद झाला. पण पक्षी रात्री कोणत्या तळ्यावरून कोणत्या तळ्यावर जातात, ही माहिती विमानतळ आखणाऱ्यांच्या आणि पाणथळ जागेवर इमारत मंजूर करणाऱ्यांच्या टेबलावर असायला हवी, याबद्दल तरी दुमत होऊ नये.

अल वथबाला सर्वसामान्यांना जाता येते. उघडण्याचे दिवस आणि हंगाम आधी तपासा. दुबईत रास अल खोर, २००७ चे रामसर स्थळ, शहराच्या अगदी मध्यात आहे. फुजैरातली वादी वुरैया मात्र वेगळी. २००९ मध्ये संरक्षित झालेले हे खोरे आता युनेस्कोचे जीवावरण क्षेत्र आहे, आणि सहलींच्या कचऱ्याने त्याचे इतके नुकसान झाले होते की ते लोकांसाठी बंद करावे लागले. चौकशी केल्याशिवाय तिकडे गाडी काढू नका.

समुद्राच्या तळाचाही जमीनवापर असतो, हे इथे चटकन विसरले जाते. अबुधाबीच्या पाण्यात सुमारे ३,००० ड्युगाँग, म्हणजे समुद्री गाई, आहेत. ऑस्ट्रेलियानंतर जगातला हा सर्वांत मोठा समूह समुद्री गवतावर जगतो. याच पाण्यातले मरावाचे ४,२५५ चौरस किलोमीटरचे सागरी क्षेत्र २००७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे ते मुख्यतः अशा कुरणांमुळे. गाळ उपसताना गढूळलेले पाणी ते कुरण गुदमरवते.

झाड लावण्याआधी

कंपन्यांचे आणि मंडळांचे सगळ्यात आवडते काम म्हणजे वृक्षारोपण, आणि नेमके तिथेच विचारपूस कमी पडते. २०३० पर्यंत १० कोटी तिवरे लावण्याचा संकल्प अमिरातीने केला आहे. हेतू उत्तम. पण ओहोटीला उघडा पडणारा चिखल मोकळा दिसला म्हणून त्यावर रोपे खोचली, तर हिवाळ्यात हजारो मैल उडून आलेल्या पाणपक्ष्यांचे ताट जाते. म्हणून आयोजकांना तीन गोष्टी विचारा: या जागी आधी काय होते, पूर्वी इथे तिवरे होती का, आणि मागच्या वर्षी लावलेल्यांपैकी किती जगली. नेमके उत्तर न देणाऱ्यांकडे जाऊ नका. वर सांगितलेल्या कार्बनच्या अभ्यासात नव्याने लावलेल्या तिवरांपेक्षा जुन्या नैसर्गिक तिवरांत साठा जास्त आढळला. तेव्हा जुने राखणे हे नवे लावण्याच्या आधी येते.

गाफ हे अमिरातीचे राष्ट्रीय झाड, म्हणजेच आपली शमी. दसऱ्याला जिची पूजा करतो तीच जात इथल्या वाळूत मुळे खूप खोल घालून उभी असते. साइटवर गाफ आले तर परवानगीशिवाय तोडायचे नाही, हे सगळ्यांना माहीत असते. चूक होते ती ओळखताना. आपल्याकडे गावोगाव माजलेली वेडी बाभूळ इथेही रानोमाळ पसरली आहे, आणि दोन्ही एकाच गटातल्या असल्याने लांबून सारख्या वाटतात. काटे पाहा. वेड्या बाभळीचे लांब काटे पान फुटते त्या पेराशी, बहुधा जोडीने असतात. गाफचे काटे आखूड, पेरांच्या मधल्या भागावर विखुरलेले असतात, आणि पाने बारीक, करडट हिरवी असतात. बागकामाच्या ठेकेदाराने आपल्या माणसांना एवढे शिकवले तरी पुष्कळ झाडे वाचतील. साळुंकी आणि कावळा हे आपले घरचे पक्षी इथे बाहेरून येऊन पसरलेले आहेत, म्हणून पिंजऱ्यातला पक्षी ‘मोकळा’ करण्याचे पुण्य इथे करू नका.

तुमची नोंद

संशोधकांची संख्या थोडी आणि जागा अफाट, त्यामुळे हौशी माणसांच्या नोंदी इथे फार मोलाच्या ठरल्या आहेत. अबुधाबीचा एमिरेट्स नॅचरल हिस्टरी ग्रुप १९७७ पासून हेच करतो आहे. त्याच्या ‘ट्रिब्युलस’ या नियतकालिकात तेलकंपन्यांतल्या आणि शाळांतल्या लोकांनी लिहिलेली निरीक्षणे आजही अभ्यासक वापरतात. दुबईतही असाच गट आहे, आणि दोन्हीकडे व्याख्याने व सहली होतात. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला तिथला एखादा जाणकार बोलवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

नोंद करायला आयनॅचरलिस्ट किंवा ईबर्ड पुरे. दिनांक, नेमके ठिकाण आणि दोन-तीन बाजूंनी फोटो द्या. वनस्पतीचे पान, काटा, फळ वेगवेगळे टिपा. कुंडीतले किंवा लावलेले झाड असेल तर तसे नमूद करा, नाहीतर नकाशा बिघडतो. प्राण्याला हात लावू नका, दगड उलटला तर तसाच परत ठेवा. घुबडाचे किंवा धबाचे नेमके ठिकाण व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकू नका, त्यातून पकडणारे येतात. आणि एकाच जागी महिन्यातून एकदा, वर्षभर जा. घराजवळचा तिवरांचा काठ किंवा वसाहतीमागचे खडीचे मैदान पुरेसे आहे. अहवालात ज्या ऋतूंची भेट राहून जाते, ती भेट तुमच्या नोंदवहीत असेल.

इथल्या कायद्याचीही काळजी घ्या. सर्वांसाठी खुल्या नसलेल्या संरक्षित क्षेत्रात शिरायला परवाना लागतो. ड्रोन नोंदणी आणि परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि विमानतळ, लष्करी किंवा सरकारी ठिकाणांचे फोटो काढता येत नाहीत, मागे पक्षी बसलेला असला तरीही. रोपे, शिंपले, कवच, अंडी घरी आणू नका. चांगल्या कामासाठी का होईना, परवानाधारक संस्थेशिवाय वर्गणी गोळा करणे हा इथे गुन्हा आहे, तेव्हा मंडळाने कासवांसाठी किंवा तिवरांसाठी निधी जमवायचा ठरवला तर तो नोंदणीकृत संस्थेमार्फतच द्यावा. जखमी कासव सापडले तर पाण्यात ढकलू नका. सावलीत ठेवा, ओला कपडा नाकपुड्या मोकळ्या सोडून पाठीवर टाका, आणि त्या अमिरातीच्या पर्यावरण संस्थेला फोन करा. दुबईत २००४ पासून चालणारा कासव पुनर्वसन प्रकल्प अशा कासवांवर उपचार करून त्यांना परत समुद्रात सोडतो.